शिदोरीबरोबर एक कंदीलही बांधा

दिवाळी आटोपली की आपल्याकडे शिबिरांचे आणि सहलींचे दिवस सुरू होतात. शाळेचं गाईडचं शिबिर, कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर, कुणाचा गडावरचा मुक्काम, तर कुणाला धरणाच्या काठी तंबूत राहायची हौस. पूर्वी हे सगळं पुण्या-मुंबईच्या मुलांचं, असं आपण म्हणायचो. आता तसं राहिलेलं नाही. भंडारदऱ्याला, पवना धरणाच्या काठी, राजमाचीला तंबूत राहायला आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतूनही कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. आणि आषाढीची वारी तर शेकडो वर्षांची. राहुटीतला मुक्काम काय आणि तंबूतला काय, रात्रीचा अंधार सारखाच!

लेक शिबिराला निघाली की आईची किती धांदल उडते! चिवडा बांधला का, लाडू दिले का, कानटोपी, शाल, अमृतांजनची बाटली... सगळं आठवणीने पिशवीत जातं. उजेडाचं काय, असं विचारलं की मात्र घरातून एकच उत्तर येतं, ‘अगं, मोबाईलला टॉर्च आहे की!’ आणि विषय तिथेच संपतो. मैत्रिणींनो, आज मला नेमकं या विषयावरच बोलायचंय. कारण वरवर साध्या दिसणाऱ्या या वस्तूत मुलीबाळींची तब्येत आणि सुरक्षितता दोन्ही गुंतलेली आहेत.

पाणीच न पिणाऱ्या मुली

गेली काही वर्षं बचत गटांच्या कामाबरोबरच मी किशोरवयीन मुलींच्या शिबिरांना आरोग्याच्या गप्पा मारायला जाते. अशाच एका शिबिरात, गडाच्या पायथ्याला, चाळीसएक मुली तंबूत राहत होत्या. जेवणाच्या मांडवात एक मोठा दिवा होता. तंबूंपासून स्वच्छतागृहं शंभर-सव्वाशे पावलांवर, आणि मधल्या वाटेवर मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी दुपारी गप्पांच्या तासाला मी सहज विचारलं, ‘दिवसभरात पाणी किती पिता गं?’ सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी एक धीट मुलगी म्हणाली, ‘काकू, चार वाजल्यानंतर आम्ही पाणीच पीत नाही. रात्री उठावं लागतं ना!’

त्यांचं ते हसणं ऐकून माझ्या मात्र पोटात गोळा आला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातल्या एकीला थंडी वाजून ताप भरला. कंबर दुखत होती, लघवीला आग होत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय. आपण ज्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणून ताक आणि धन्याच्या पाण्यावर घालवतो, त्यातलंच हे पुढचं दुखणं. पाणी कमी प्यायचं आणि लागलेली तासन्‌तास दाबून धरायची, ही त्याची दोन मोठी कारणं. अशा तापाला औषध वेळेवर मिळालं नाही तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती मुलगी बरी झाली. पण तिच्या दुखण्याचं मूळ अंधारात होतं, हे तिथल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी शिबिराच्या बाईंनी तालुक्याहून पाच-सहा लहान कंदील मागवले. दोन वाटेवरच्या झाडांना टांगले, एक स्वच्छतागृहाच्या दाराशी, बाकीचे तंबूंमध्ये वाटले. त्या रात्री मुली जोडीजोडीने जाऊन आल्या. सकाळी पाण्याचा पिंप रिकामा झालेला बघून आचारीदादाच चकित!

बॅटरी वेगळी, कंदील वेगळा

आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हटलं की हातातला टॉर्च, आणि त्यात घालायचे ते ‘सेल’. बॅटरीचा झोत लांब जातो, पण एकाच ठिकाणी पडतो. वाटेने चालताना तीच हवी. कंदिलाचा उजेड चारी बाजूंना पसरतो. जेवायला बसताना, अंथरूण घालताना, आजारी पोराच्या उशाशी बसताना दोन्ही हात मोकळे लागतात, तिथे कंदीलच हवा. मोबाईलचा उजेड या दोन्ही कामांना अपुरा पडतो. शिवाय रात्रभर तो जाळला तर सकाळी फोन बंद, आणि नेमकी १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर हातात नुसती काच! मुक्कामाला मोबाईल हा बोलण्यासाठी राखून ठेवायचा, दिव्यासाठी नाही, हा नियम मुलांना पक्का सांगा.

आपल्या आजीच्या काळात कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा प्रभाकर कंदील घरोघरी असायचा. रोज संध्याकाळी काच राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल घालायचं. लग्नकार्याला गॅसबत्ती यायची, तिला पंप मारणारा माणूस वेगळा. आजचे लहान कंदील शक्य झाले ते एलईडीमुळे. पांढरा उजेड देणारा एलईडी करायचा तर आधी निळा उजेड देणारा हवा होता, आणि तो काही केल्या जमत नव्हता. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लोणच्याच्या बरणीएवढा कंदील आज रात्रभर जळतो, तो त्यांच्या कृपेने.

आग तंबूच्या बाहेरच

काही जणी म्हणतील, मेणबत्ती आहे, छोटी गॅसबत्ती आहे, मग हा खर्च कशाला? तर तंबूचं कापड असतं नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं. ते बघता बघता पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. म्हणून मेणबत्ती, चिमणी, उदबत्ती, डासांची जळती कॉईल यांतलं काहीही तंबूत नको.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतही नाही. बंद जागेत गॅसबत्ती, शेगडी किंवा निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच गुदमरतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून फिरायला गेलेले आठ जण हॉटेलच्या बंद खोलीत असेच गेले. त्यांत लहान मुलंही होती. खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. तंबू तर खोलीपेक्षाही लहान. थंडीला आणखी एक गोधडी घ्या, पण निखारे आत घेऊ नका.

आणि रेल्वेने जाणार असाल तर रॉकेल, गॅसची टाकी असं पेट घेणारं सामान नेणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हाच आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बॅटरीवरचा कंदील मात्र खुशाल पिशवीत घाला.

दुकानात गेल्यावर

इलेक्ट्रिकच्या दुकानात बाई एकटी गेली की दुकानदाराचा सूर ठरलेला असतो. ‘वहिनी, हा घ्या, एकदम पॉवरफुल आहे!’ आपण विचारतो, ‘किती वेळ चालेल?’ तो म्हणतो, ‘चालेल की भरपूर!’ ‘भरपूर’ म्हणजे किती, हे विचारायला शिकलं पाहिजे. भाजी घेताना जुडी उलटी-पालटी करून बघतो ना, तसंच खोकं उलटं करून त्यावरचे आकडे वाचायचे.

पहिला आकडा ल्युमेनचा. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन, आणि आपल्या जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा ७०० च्या आसपास. तंबूत झोपायच्या वेळी २०-३० ल्युमेन पुरतात. चार-पाच जणांना जेवायला १०० पुष्कळ झाले. दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करायचा तर २०० ते ३०० हवेत. म्हणून ज्याचा उजेड कमी-जास्त करता येतो असाच कंदील घ्या. हजार ल्युमेनचा दिवा डोळे दिपवतो आणि सेल झटपट खातो.

दुसरा आकडा वेळेचा. खोक्यावर ‘२० तास’ लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा तो सगळ्यात मंद उजेडाचा हिशेब असतो. शिवाय टॉर्च-कंदिलांच्या मोजमापाचं जे प्रमाण बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यात उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे शेवटचे कित्येक तास नुसता मिणमिणाटच! यावर सोपा हिशेब आहे. समजा आत २००० एमएएचचा, ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आहे. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. आले साधारण ७.४ वॅट-तास. चांगला एलईडी एका वॅटमध्ये सुमारे १०० ल्युमेन देतो. म्हणजे १०० ल्युमेनवर कंदील सात तास चालायला हवा. थोडी तूट धरून पाच-सहा तास समजा. ३० ल्युमेनवर ठेवला तर याच्या तिप्पट. रोजचा दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला हे काय अवघड आहे!

तिसरी गोष्ट, सेल कुठला? कंदील तीन प्रकारचे मिळतात. पहिला पेन्सिल सेलवर किंवा मोठ्या सेलवर चालणारा. याचा फायदा असा की सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतो. एक-दोन दिवसांपेक्षा मोठा मुक्काम असेल, वीज नसेल, तर हाच बरा. सेल मात्र ‘अल्कलाईन’ लिहिलेले घ्या. स्वस्तातले साधे सेल लवकर उतरतात आणि पाझरून कंदील खराब करतात. दुसरा प्रकार मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा लिथियमचा. हलका, दिसायला छान, आणि पॉवर बँकवरही चार्ज होतो. यात चार्जिंगची पिन घरातल्या मोबाईलचीच आहे ना, तेवढं बघा, नाहीतर वायर हरवली की कंदील माळ्यावर! तिसरा प्रकार वर सौरपट्टी असलेला. ती पट्टी तळहाताएवढी लहान असते, तेव्हा दिवसभर कडक उन्हात ठेवूनही तो बेताचाच भरतो. जोड म्हणून चांगला, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये.

चार्ज होणारा कंदील घेताना बीआयएसची खूण आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा खोक्यावर आहे का, ते पाहा. आपल्या देशात अशा सेलना ही नोंदणी सक्तीची आहे. जत्रेत पथारीवर मिळणाऱ्या बिननावाच्या कंदिलावर ती नसते. लिथियमचा हलका सेल तापून पेट घेऊ शकतो, तेव्हा शे-दोनशे रुपयांसाठी हा जुगार नको.

चौथं, पाऊस. खोक्यावर ‘आयपी’ पुढे आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा पाण्याचा. तिथे ४ असेल तर शिंतोड्यांना हरकत नाही. ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी आत पाणी शिरत नाही. वारीला किंवा पावसाळी मुक्कामाला जाणाऱ्यांनी निदान ४ तरी बघावाच.

बाकीचं हाताळून ठरवा. वर टांगायला कडी आहे का? खाली ठेवला तर डुगडुगतो का? अंधारात बोटांना बटण सापडतं का? पिवळसर उजेडाची सोय आहे का? पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर त्या मानाने कमी. पाचशे ते दीड हजार रुपयांत चांगला कंदील मिळतो. एकदम परवडत नसेल तर बचत गटात किंवा भिशीत चौघींनी मिळून दोन घ्या आणि ज्या घरचं माणूस मुक्कामाला निघेल त्या घरी द्या. आमच्याकडे लग्नातली मोठी पातेली अशीच फिरतात, मग कंदील का नाही?

वापरायची रीत

मुक्कामाला पोचल्यावर अंधार पडायची वाट बघू नका. उजेड असतानाच कंदील बाहेर काढा आणि त्याची जागा ठरवा. तंबूत तो वर मधोमध टांगला की सगळीकडे सारखा उजेड पडतो आणि पायाने लवंडतही नाही.

आता एक गोष्ट आयांनी मुलींना मुद्दाम सांगायला हवी. आत कंदील लावलेला असला की तंबूचं कापड सिनेमाच्या पडद्यासारखं होतं. आतल्या माणसाची सावली बाहेरून स्वच्छ दिसते. म्हणून कपडे बदलताना कंदील बंद करायचा. हे सांगायला आपण संकोचतो, पण मुलीला ते दुसऱ्या कुणाच्या हसण्यावरून कळण्यापेक्षा आईकडून कळलेलं बरं.

रात्री उठताना डोळ्यांवर एकदम प्रखर उजेड घेऊ नका. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगाटात सगळं वाया जातं. काही कंदिलांना लाल उजेडाची सोय असते. ती याचसाठी, आणि शेजारणीची झोपही मोडत नाही.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर कंदील झाकूनच ठेवावा. काजवे चमकतात ते आपला जोडीदार शोधायला. आपल्या झगमगाटात त्यांच्या खुणा एकमेकांना दिसतच नाहीत. पायाखालचं बघण्यापुरता मंद लाल उजेड पुरे.

कंदील नसलाच, नुसती बॅटरी असली, तर एक घरगुती युक्ती. बॅटरी उभी ठेवून तिच्या झोतावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवा. उजेड बाटलीभर पसरतो आणि कामचलाऊ कंदील तयार!

विंचू-काट्याची वाट

कंदिलाने साप पळत नाही, हेही सांगून ठेवते. कंदिलामुळे तो आपल्याला दिसतो, एवढंच. पण तेवढंच महत्त्वाचं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुख्य. त्यातला मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झालं! म्हणून तंबूची चेन सदैव लावलेली, झोपण्याआधी कंदील धरून अंथरूण झटकलेलं, सकाळी बूट उलटे करून आपटलेले, आणि रात्री अनवाणी पाऊल बाहेर नाही. दंशाची नुसती शंका आली तरी जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला न चालवता, दंश झालेला हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावरचं इंजेक्शन हाच उपाय, मांत्रिक नव्हे.

घरी परतल्यावर

परत आल्यावर कंदील तसाच माळ्यावर टाकला तर पुढच्या वेळी तो हमखास दगा देणार. सेलवरचा असेल तर सेल काढून ठेवा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. चार्ज होणारा असेल तर पूर्ण उतरवून किंवा काठोकाठ भरून न ठेवता निम्मा भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी आठवणीने चार्जिंगला लावा. महिन्याच्या किराणा यादीच्या वहीत तशी खूण केली की विसरायला होत नाही. संपलेले सेल शेकोटीत किंवा चुलीत टाकू नका, ते फुटतात. ओल्या कचऱ्यातही नकोत. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा दुकानदाराला हक्काने विचारा.

आणि लहान मूल घरात असेल तर किल्लीच्या दिव्यातले बटणासारखे चपटे सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला असा सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. उलटी करवायला न जाता तडक मोठा दवाखाना गाठायचा.

कंदील घरी आणलात की एका रविवारी संध्याकाळी घरातच तालीम करा. मेन स्विच बंद करा, कंदील मधोमध टांगा आणि सगळ्यांनी त्याच उजेडात जेवा. कुठलं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, सेल कसे बदलायचे, रात्रभर तो खरंच किती तास टिकतो, सगळं मुलांना स्वतः करू द्या. विशेषतः मुलींना. ‘दादा बघेल’ ही सवय इथेच मोडायची. मग वीज गेली काय किंवा गडावरचा मुक्काम असला काय, तिला कुणाची वाट बघत बसावं लागणार नाही. कंदील उचलेल आणि निघेल!